विष्णूभाऊंची भाकरी आणि जपानचा तास

माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक राजूरच्या अलीकडे बसलं, आणि नेमकं त्याच वेळी तिकडे केंद्रशाळेत विषयांचं वाटप चालू होतं. चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला आलेल्या गाड्यांमुळे पंक्चरवाल्यापाशी गर्दी होती. माझा नंबर लागेपर्यंत बाकीच्या शिक्षकांनी आपापले विषय पटकावले होते.

हे वाटप म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आसपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात एक मोठा वर्ग, कुरकुरणारे पंखे, आणि जेवणाच्या आधी कोणीतरी एकाने कुठल्यातरी विषयावर बोलायचं. सोपे विषय लवकर संपतात. जो उशिरा येतो त्याच्या नावापुढे उरलेला विषय पडतो, आणि त्यावर अपील नसतं.

मी घामाघूम होऊन आत शिरलो. आमचे केंद्रप्रमुख पठाण सर, म्हणजे या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, चष्म्यावरून बघत म्हणाले, "या साळवे सर. तुमच्यासाठी एकदम खास विषय ठेवला."

"कोणता?"

"जपानच्या प्राथमिक शाळांतील गृहविज्ञान शिक्षणाचा इतिहास."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. त्यांनी कागद दाखवला. चेष्टा नव्हती.

"सर, हा विषय आला कुठून?"

"वरून."

आमच्या खात्यात 'वरून' म्हटलं की पुढे विचारायचं नसतं. तरी मी शेवटचा प्रयत्न केला. "सर, मला घरी चहासुद्धा करता येत नाही."

"मंग तर तुम्हीच बराबर माणूस. कोरी पाटी," असं म्हणून पठाण सरांनी माझी सही घेतली.

घरी येऊन फोनवर शोधायला बसलो. सुरुवातीला नाइलाज म्हणून वाचलं, नंतर मात्र वाचतच गेलो. जे कळलं ते साध्या भाषेत असं.

फार पूर्वी जपानमध्येही मुलींना शाळेत घालायला आईबाप तयार नसत. पोरगी शिकून करणार काय, हाच तिथलाही सवाल. मग तिथल्या सरकारने शाळेत मुलींसाठी शिवणकाम आणलं. निदान शिवण शिकायला तरी पोरगी येईल, आणि आली की दोन अक्षरंही शिकेल, असा हिशेब. मुलगे त्या तासाला दुसरं काहीतरी शिकायचे. सुई मुलींनीच धरायची, हे ठरलेलं होतं.

पुढे महायुद्ध झालं आणि देशाची राखरांगोळी झाली. नव्याने शाळा उभ्या केल्या तेव्हा पाचवी-सहावीला एक नवा विषय आला. त्याचं नाव कातेइका. घर कसं चालवायचं, याचा विषय. आणि तो मुलग्यांना आणि मुलींना सारखाच. भात शिजवायचा, सूप करायचं, बटण लावायचं, खोली झाडायची. तेव्हा तिथेही लोक म्हणाले की हे तर पोरं घरी शिकतात, शाळेत कशाला, बंद करा. तो बंद झाला नाही. आजही तिथला पाचवीतला मुलगा शाळेत सुईत दोरा ओवतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. प्राथमिक शाळेत एकत्र शिकलेली ही मुलं वरच्या वर्गात गेली की पुन्हा वाटणी व्हायची. मुलग्यांनी यंत्रं शिकायची आणि मुलींनी स्वयंपाक. ही वाटणी मोडायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. शहाणी माणसंसुद्धा जुन्या सवयीकडे कशी परत जातात, ते वाचून मला हसू आलं. पुढे तेच हसू माझ्यावर उलटणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

परिषदेत मी हे सगळं बोललो. जेवणाची वेळ जवळ आलेली. डब्यांच्या वासाने मंडळी अस्वस्थ होती. टाळ्या वाजल्या त्या बहुतेक संपलं म्हणून. पण पठाण सर टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होते.

"साळवे सर, तुम्ही पाचवी-सहावीलाच शिकवता ना?"

"हो सर. दोन्ही वर्ग एकत्रच आहेत माझ्याकडे."

"आपल्याकडे कार्यानुभवाचा तास असतो. त्यात काय करता?"

कार्यानुभव म्हणजे हाताने काहीतरी काम करायचा तास. खरं सांगायचं तर त्या तासाला बहुतेक शाळांत गणित उरकतात. मी भाषणाचे कागद आवरायला लागलो.

"पुढच्या परिषदा तुमच्याकडेही व्हायच्यात. एक तुमच्या शाळेत ठेवू. आज बोलून झालं, तिथं करून दाखवा," पठाण सर म्हणाले, आणि सगळ्यांनी या वेळी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण ते काम त्यांच्यावर आलं नव्हतं.

मी कदाचित हेही उरकून टाकलं असतं. पण त्याच दिवसांत माझ्या वर्गातली एक जागा रिकामी राहायला लागली होती.

अश्विनी सहावीत होती. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी. उत्तर येत नसलं तरी हात वर. बोलायची हौसच तशी. ती आधी उशिरा यायला लागली, मग मधल्या सुट्टीनंतर यायला लागली, आणि मग यायचीच बंद झाली. तिचा भाऊ करण पाचवीत, माझ्याच खोलीत. तो मात्र रोज वेळेवर, भांग पाडून हजर.

"करण, ताई कुठंय रे?"

"सैपाक करून राह्यली सर."

"आणि तू?"

"मी शाळेत आलो की."

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अश्विनीच्या आईचं, मंदाताईंचं, पिशवीचं ऑपरेशन जालन्याला झालं होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही असं बजावलं होतं. त्या बाजेवर पडून होत्या. वडील विष्णूभाऊ थोडी शेती करायचे. त्याआधी बरीच वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते. अश्विनी अंगणात परातीपुढे बसली होती. मला बघून तिने पदरासारखी ओढणी नीट केली. सहावीतली मुलगी एकदम मोठी बाई दिसली. मला फार वाईट वाटलं.

"भाऊ, पोरीला शाळेत पाठवा."

"कसं पाठवू सर? घरात दुसरी बाई न्हाई. ह्या वर्षी राहू द्या घरी. मंग बघू."

'मंग बघू' हे शब्द मी नोकरीत पुष्कळदा ऐकलेत. त्यानंतर मुलगी पुन्हा वर्गात बसलेली मी फार क्वचित पाहिली आहे. थेट लग्नाच्या पत्रिकेवरच तिचं नाव दिसतं.

"सकाळच्या चार भाकऱ्या तुम्ही केल्या तर?"

विष्णूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोललो. "घरात पोरगी असताना गड्यानं चुलीपाशी बसायचं? भावकी काय म्हणंल? सर, तुम्ही बसता का?"

मला चहासुद्धा येत नव्हता. तसाच परत आलो. पण त्या रात्रीपासून जपान हा माझ्यासाठी परिषदेचा विषय राहिला नाही. मला अश्विनी वर्गात हवी होती, बस्.

सुरुवात बटणापासून केली. जपानमध्येही सुरुवात अशाच लहान गोष्टींपासून होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलग्यांच्या शर्टांना बटणांच्या जागी पिना होत्या. मी बायकोकडून बटण लावायला शिकलो, तिने मला हसून हसून शिकवलं, आणि दुसऱ्या दिवशी सुया-दोरे घेऊन वर्गात उभा राहिलो.

पहिला तास पार फसला. मुलग्यांनी सुई हातात घेतली, दोरा ओवता येईना म्हणून तोंड वाकडं केलं, आणि शेजारच्या मुलींनी न विचारता त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. तास संपला तेव्हा सगळ्या शर्टांना बटणं होती आणि एकाही मुलग्याने एक टाका घातला नव्हता. मुलींना यात काही वेगळं वाटलंच नाही. भाऊ कुठं अडकला की उठायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

दुसऱ्या तासाला मी नियम केला. आपल्या शर्टाचं बटण आपणच लावायचं, दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही. मुलींना गप्प बसणं फार जड गेलं. करणने बोट टोचून घेतलं, रडवेला झाला, पण बटण लावलं. ते बटण छातीवर जरा तिरकं बसलं होतं. तो दिवसभर त्याला हात लावून बघत होता.

पुढे ताटं घासली, तांदूळ निवडले, पोषण आहाराच्या शेगडीवर वरण-भात केला. भात करपला, तरी मुलांनी तळापर्यंत खाल्ला. मुलगे आता आपणहून विचारायला लागले, "सर, आज कातेइका हाय का?" गावातल्या पोरांच्या तोंडी तो शब्द ऐकून मला भारी मजा वाटायची.

मग मी फळ्यावर लिहिलं, 'पुढचा तास : भाकरी', आणि गावात बोंब झाली.

वरण-भातापर्यंत लोकांनी कानाडोळा केला होता. भात काय, लग्नात पुरुषही शिजवतात. पण भाकरी थापणं म्हणजे बाईचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी काही पालक मुख्याध्यापिका वाघ मॅडमच्या खोलीत येऊन बसले. विष्णूभाऊ त्यांच्यातच, सगळ्यात मागे उभे होते.

एक जण म्हणाला, "मॅडम, पोरगं भाकरी थापायला शिकवायला शाळेत घातलं का आम्ही? इंग्लिश शाळेची गाडी गावात येती. तिकडं घालू."

वाघ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची भीती खरी होती. शाळेतल्या मुलांच्या संख्येला आम्ही पट म्हणतो. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि हळूहळू शाळाच जाते.

"साळवे सर, भाकरी राहू द्या. चपाती करा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मॅडम, इथल्या घरात रोज चपाती होते का?"

"मग सँडविच करा. तेही चालतं."

पालक गेल्यावर मी त्यांना अश्विनीचं सांगितलं. वाघ मॅडमनी खोलीचं दार लोटलं. मग म्हणाल्या, "मी सातवीत असताना आई आजारी होती. भाकरी माझे वडील करायचे. कोणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती आम्हाला." एवढं बोलून त्यांनी कपाटातून शाळेचा शिक्का काढला आणि उगाच पुसायला लागल्या. "भाकरीच करा. पण शिकवणार कोण? तुम्हाला येते का?"

हाच तर प्रश्न होता. मी घरी दोन-तीनदा करून पाहिली होती. कडा चिरायच्या आणि तव्यावर टाकताना तुकडे पडायचे. बचत गटातल्या एखाद्या ताईला बोलावणं सोपं होतं. पण बाईने शिकवलं की पोरं म्हणणार, बघा, हे बाईचंच काम. पुरुष हवा होता, आणि तोही गावातला.

मी पुन्हा विष्णूभाऊंकडे गेलो. या वेळी अश्विनीबद्दल काही बोललो नाही. मंदाताईंची तब्येत विचारली, आणि सहज म्हणालो, "भाऊ, ट्रकवर इतकी वर्षं होतात. जेवणाचं काय करायचात?"

विष्णूभाऊ उत्तर द्यायच्या आत बाजेवरून आवाज आला. "स्वतःच करायचे की! जालन्याची सळई भरून निघाले की शहागडला पुलाच्या अलीकडं गाडी लावायची आन् स्टोव्ह पेटवायचा. क्लीनर सांगायचा मला, मालकिणबाई, उस्तादाच्या हातची भाकरी अशी फुगती, पिठल्याला तर तोड न्हाई. बाकीचे गाडीवाले वाट बघायचे."

"अगं गप ना," विष्णूभाऊ म्हणाले. पण चेहरा खुलला होता.

"मी काय खोटं बोलून राह्यले? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी एकदा खाल्ली न्हाई ती भाकरी. लोकांनीच खाल्ली."

अंगणात परातीवरचा आवाज थांबला होता. अश्विनी ऐकत होती.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विष्णूभाऊंना भाकरी करण्यात कमीपणा वाटत नव्हता. परक्या रस्त्यावर ते खुशाल करत होते. अडचण होती ती फक्त आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. आणि आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर एखादी गोष्ट मानाची करायची असेल तर त्याची रीत आपल्याकडे पक्की आहे. आम्ही शिक्षक लोक तर त्यात एकदम तरबेज.

"भाऊ, पुढच्या परिषदेला आमच्या शाळेत केंद्रप्रमुख येणार आहेत. सगळ्या शाळांचे शिक्षक येणार. आम्हाला एक तज्ज्ञ मार्गदर्शक पाहिजे. तुम्ही या."

"मी? कशाचा मार्गदर्शक?"

"भाकरीचा. आधी सत्कार. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. फलकावर नाव."

"फलकावर?"

"मोठ्या अक्षरात."

विष्णूभाऊ जमिनीकडे बघत बसले. आपल्याकडे भाकरी करायला बोलावलं तर माणूस रागावतो, पण मार्गदर्शन करायला बोलावलं तर नाही म्हणणं अवघड जातं. "केंद्रप्रमुख सोता येणार?" त्यांनी विचारलं.

"स्वतः."

"बघतो," ते म्हणाले. हा 'बघतो' वेगळा होता, हे मला आणि मंदाताईंना दोघांनाही कळलं.

परिषदेच्या दिवशी शाळा सजली होती. फलकावर वाघ मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तज्ज्ञ मार्गदर्शक : श्री. विष्णूभाऊ'. लिंबाखाली विटांची चूल, तवा, काठवट, ज्वारीचं पीठ. सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर शिक्षक, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे अर्धं गाव. तक्रार घेऊन आलेले पालकही आले होते. मंदाताईंना शेजारणींनी हळूहळू चालवत आणलं, पाठीला उशी देऊन खुर्चीवर बसवलं. अश्विनीही आली होती. बापाचा सत्कार, म्हणून त्या दिवशी तिला सुट्टी मिळाली होती.

विष्णूभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पठाण सरांनी शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मग विष्णूभाऊंनी शाल घडी घालून खुर्चीवर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि चुलीपुढे मांडी घातली. भिंतीपलीकडून कोणीतरी हसलं. विष्णूभाऊंचे कान लाल झाले. क्षणभर मला वाटलं, आता उठतात.

त्यांनी आधी मलाच हाक मारली. "सर, या. मास्तरानं आधी शिकायचं असतंय. बसा."

आता माझे कान लाल झाले. मी बसलो. सगळ्या केंद्रासमोर माझी भाकरी चिरली, तव्यावर जाताना तिचे दोन भाग झाले. पठाण सरांसकट सगळे खो-खो हसले. हसणं विष्णूभाऊंवरून माझ्यावर आलं, आणि तिथेच त्यांचा अवघडलेपणा गेला.

"कढत पाण्यात मळायचं. जल्दी करायची न्हाई. तळहातानं मळा, बोटांनी न्हाई," ते मुलांना सांगायला लागले. त्यांनी गोळा घेतला, काठवटीवर ठेवला, आणि थापायला लागले. हात जुन्या सवयीने फिरत होता. भाकरी गोल होत गेली. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि निखाऱ्यापाशी उभी केली. ती टम्म फुगली. भिंतीपलीकडच्या माना उंचावल्या. मग तिकडूनच कोणीतरी म्हणालं, "आरं, विष्णू तर उस्ताद निघाला!" मुलगे उठून चुलीभोवती गोळा झाले. जो तो म्हणायला लागला, "मी, मी."

पठाण सर उभे राहिले आणि दोन शब्द बोलले. जपानचा उल्लेख झाला, मुलामुलींच्या समानतेचा झाला. सगळं कसं छान जुळून आलं होतं. आणि मग आमच्याकडून ती गोष्ट घडली.

वाघ मॅडमनी नेहमीप्रमाणे मान हलवून खूण केली. वर्गातल्या सगळ्या मुली एकसाथ उठल्या आणि चहाचे ट्रे घेऊन आल्या. अश्विनीही, इतक्या दिवसांनी शाळेत आलेली, सगळ्यात पुढे. आमच्या शाळेत पाहुणे आले की मुलींनी रांगोळी काढायची, स्वागतगीत म्हणायचं, चहा द्यायचा, आणि मुलग्यांनी सतरंजी घालायची, खुर्च्या लावायच्या. वर्षानुवर्षं असंच चालू आहे. त्या दिवसाच्या कामांची वाटणी मॅडमनी आणि मी बसून केली होती. महिनाभर कातेइका, कातेइका करणाऱ्या मलाही त्यात काही खटकलं नव्हतं.

पठाण सरांनी समोर आलेल्या ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साळवे सर, वरच्या वर्गात गेल्यावर त्या जपानच्या लोकांनी पुन्हा वाटणी केली, असं तुम्हीच सांगत होता ना?"

शिक्षकांमध्ये हशा पिकला. वाघ मॅडमनी कपाळाला हात लावला. माझ्या आधी विष्णूभाऊच बोलले. हात पिठाने भरलेले होते. आवाज चढलेला नव्हता.

"आशू, ठेव तो ट्रे. बस खाली."

अश्विनी उभीच राहिली. काय चुकलं, तिला कळेना.

"बस म्हणलं ना बाळा. कऱ्या, ऊठ. चहा दे सगळ्यांला."

करण उठला. त्याच्या मागे बाकीचे मुलगे उठले. ट्रे कसा धरायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. अर्धा चहा बशांत सांडला. पठाण सरांनी बशीतलाच पिऊन टाकला आणि म्हणाले, "बराबर."

विष्णूभाऊंनी ती फुगलेली भाकरी ताटात घेतली. रीतीप्रमाणे पहिलं ताट साहेबांचं. पण ते उठले आणि साहेबांना ओलांडून मंदाताईंच्या खुर्चीपाशी गेले. ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि परत येऊन चुलीपुढे बसले. मंदाताईंनी एक तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि पदर डोळ्यांना लावला. "क्लीनर खरंच सांगत होता," त्या शेजारणीला म्हणाल्या.

अश्विनी सतरंजीवर बसलेली होती. मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला काही केल्या समजत नव्हतं. मग तिने शेजारच्या मुलीची वही ओढली आणि इतक्या दिवसांत काय काय शिकवलं ते उतरवून घ्यायला लागली.

सोमवारी मी हजेरी घेतली.

"अश्विनी?"

"हजर सर." हात नेहमीसारखा वर.

त्याच आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत तिने डबा उघडला. भाकरी होती, एका बाजूने काळी.

"पप्पांनी केली?"

"हो सर. कऱ्यानं वरण केलं. खारट झालंय."

"दार लावून केली का गं?"

अश्विनी हसायला लागली. "पयल्या दिवशी लावलं होतं सर. मंग धूर कोंडला. सगळी गल्ली पळत आल्ती, आग लागली म्हणून. तवापासून उघडंच ठेवतात."

शाळेतून कोणीही पोराचं नाव काढलं नाही. तक्रार घेऊन आलेल्या पालकांपैकी एकाने मात्र नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, पुढच्या सत्काराला पिठलं ठेवता का? मला जमतं." आता आमच्या शाळेत दर काही दिवसांनी गावातला एखादा बाप तज्ज्ञ मार्गदर्शक होतो. शाल तीच फिरते. पाहुणे आले की चहा कोण देणार हे आम्ही पाळीने ठरवतो, आणि तरीही कधीतरी मॅडमची मान सवयीने मुलींकडेच वळते. मग मुलीच ओरडतात, "मॅडम, जपान!"

मंदाताई आता ठणठणीत आहेत. अश्विनी राजूरच्या हायस्कूलला आठवीत आहे, सायकलने जाते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, तिथल्या कार्यानुभवाच्या तासाला गणितच घेतात, तुम्ही येऊन सांगा ना सर. मी म्हटलं, तू सांग. हात वर करायची सवय आहेच तुला.

मी या सगळ्यांचा फार ऋणी आहे. विष्णूभाऊंचा, ज्यांनी लोकांच्या हसण्यापुढे मांडी घातली. पठाण सरांचा, वाघ मॅडमचा. आणि दूर जपानमधल्या त्या शिक्षकांचा, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत, पण ज्यांनी हा विषय बंद होऊ दिला नाही.

या अनुभवातून मी शिकलो ते एवढंच, की वरून आलेला विषय वरच्यावर उरकू नये, आणि परिषदेला उशीर झाला तर उरलेला विषय निमूट घ्यावा. राजूरच्या त्या पंक्चरवाल्याला मी यातलं काही कधी सांगितलेलं नाही. पण तिकडे गेलो की चाकात हवा त्याच्याकडेच भरतो, गरज नसली तरी.